चाकूने मोजलेली चढण

नळवाल्या काकांना नळाचं काम कोणी शिकवलं नाही. पाण्यानेच शिकवलं, असं ते म्हणत, आणि त्यात फारशी बढाई नव्हती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपावर टेकवून मूठ कानाला लावली, की भिंतीतली गळती नेमकी कुठे ते सांगत. तीस वर्षांत ते जिथे ‘पाणी येईल’ म्हणाले, तिथे पाणी आलं होतं.

थोरल्या मुलीने त्यांना घडीचा चाकू पाठवला. दोन पाती, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, हे सगळं ओळखीचं. पण मुठीत नखाएवढी काच होती आणि काचेत आकडे. वेळ, गजर, तापमान, हवेचा दाब, शिवाय जागेची उंची. बटणं तीन, तांदळाच्या दाण्याएवढी.

काकूंनी माहितीचा कागद हातभर लांब धरून वाचला. “मधलं बटण तीन सेकंद दाबा. आकडे लुकलुकले की सोडा.”

“दाबलं.”

“तुमचे तीन सेकंद म्हणजे दीडच. आयुष्यभर घाई.”

संध्याकाळपर्यंत घड्याळ लागलं. गजर नको तेव्हा दोनदा वाजला, तोही गप्प झाला. उंचीसाठी आधी माहीत असलेल्या उंचीच्या जागी उभं राहायचं होतं. दारासमोर मोजणीचा जुना दगड होता, त्यावर ६१२ कोरलेलं. काकांनी ते मीटर जसेच्या तसे चाकूत लावले.

“पुढे आणखी लिहिलंय,” काकू म्हणाल्या.

“असू दे. एकदा लावलं की लावलं. घड्याळ काय रोज लावतो आपण?”

टेकडीवरच्या दवाखान्यात पाणी नव्हतं. तिथली नर्सबाई खालून बादल्या वाहून आणी. पलीकडच्या डोंगरात एक झरा होता, पण मधे घळ, झाडी, अर्ध्या तासाची वाट. पाणी आपसूक येईल की पंप लागेल, हे नजरेने सांगता येईना. पंपाला तिथे वीजच नव्हती. काकांनी चाकू खिशात घातला. दुसऱ्या दिवशीही आभाळ आदल्या दिवसासारखंच भरलेलं असताना ते झऱ्यावर गेले: ६४०. तिसऱ्या दिवशी लख्ख उन्हात दवाखान्याच्या टाकीपाशी: ६२९.

“अकरा मीटरचा उतार आहे. येईल,” त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. वीस माणसांनी उद्याची मजुरी सोडून चर खणायला यायचं कबूल केलं.

घरी येऊन त्यांनी सहज चाकू दारातल्या दगडावर ठेवला. काचेत ५९८.

“अगं, आपलं घर चौदा मीटर खचलं!”

काकूंनी कागद आणला आणि राहिलेलं वाचलं. हे यंत्र उंची हवेच्या दाबावरून ओळखतं. आभाळ पालटलं की आकडा सरकतो. म्हणून दर वेळी मोजण्याआधी उंची नव्याने लावा.

काकांनी बोटांवर हिशेब केला. ६२९ मध्ये चौदा मिळवले की ६४३. टाकी झऱ्याच्या वर होती.

“सांगणार ना?” काकूंनी विचारलं.

काका खांबाला टेकून बसले. माती पाइपांवर एकदा पडली की पाणी न येण्याचा दोष चढणीला, हवेला, कोणालाही देता आला असता. तीस वर्षांत शब्द मागे घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

उजाडताच ते झऱ्यावर गेले. तिथे ६४० लावले, कुठेही न थांबता टाकीपाशी आले: ६४३. उलट पावली निघाले; दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर वळणावर ६३४ दिसले, झऱ्यावर पुन्हा ६४०. आता शंकेला जागा उरली नाही.

कुदळी घेऊन आलेल्या माणसांसमोर ते म्हणाले, “मी चुकलो. पाणी टाकीत चढणार नाही.”

“आता चाकूच्या सल्ल्याने नळ जोडायचे म्हणा!” कोणीतरी खोकत हसलं.

“चाकूचा दोष नाही. मी अर्धाच कागद ऐकला.”

नर्सबाईचा चेहरा पडला. “म्हणजे माझ्या बादल्या कायमच्याच, काका?”

“टाकी खाली आणू. वळणावर, ६३४ वर. तिथे नक्की येईल.”

माणसं कुरकुरली, पण कुदळी उचलल्या. आठ जणांनी रिकामी टाकी दोरांनी उतरवली. काकांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी पाइपात आधी हवा फुरफुरली, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ.

नर्सबाईने पहिली बादली भरली. वर पाहिलं. “तरी पन्नास पायऱ्या राहिल्याच.”

“राहिल्या,” काका म्हणाले, आणि दुसरी बादली त्यांनी उचलली.