खिडकीशी ठेवलेल्या कुंड्या

गंगाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मला वाटलं, हे मला कशाला कळवताहेत? फोनवर त्यांची मुलगी शारदा होती. 'आई परवा गेली. तुम्हाला कळवायचं म्हणून सांगून ठेवलं होतं तिनं. तेराव्याला या,' इतकंच म्हणाली. त्यांचं घर सोडून आम्हाला तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. मग माझं नाव सांगून ठेवायचं कारण काय? सुहास, माझा नवरा, म्हणाला, 'बाई गेली, आता तरी सोड.' पण संशय घेणं हा माझा जन्मजात स्वभाव आहे. दूधवाला नुसता हसला तरी मी आधी दुधाकडे बघते. गंगाक्कांच्या वागण्याचं कारण शोधण्यात तर मी दोन वर्षं घालवली आणि एकदाही बरोबर निघाले नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुहासला इथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो. कोरमंगलात गंगाक्कांच्या घराचा तळमजला भाड्यानं मिळाला. त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांचं घराणं मराठी, पण तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. त्यांच्या मराठीत इतकं कानडी मिसळलेलं असायचं की सुरुवातीला मला वाटलं, ही बाई आपली गंमत करतेय. सामान लावून होतंय न होतंय तोच दुसऱ्या दिवशी त्या चार कुंड्या घेऊन खाली आल्या आणि न विचारता सरळ आमच्या आतल्या खोलीत शिरल्या. 'नवा रंग दिला आहे, वास मारतो. हे झाडं हवा साफ करतात,' म्हणाल्या. एका इंग्रजी मासिकातलं कात्रणही त्यांनी आणलं होतं. घरातली काही झाडं रंगाचा, धुराचा विषारी अंश शोषून घेतात, असं त्यात लिहिलेलं. सुहासनं ते वाचलं आणि त्या गेल्यावर मला म्हणाला, 'एवढ्या खोलीची हवा साफ करायची तर इथं जंगल लावावं लागेल.' मी म्हटलं, तेच तर. मग ही बाई कुंड्या का आणतेय?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, झाडांतलं त्यांना कळायचं. कमी उजेडात टिकेल तेच घरात आणायचं, हा त्यांचा पहिला नियम. म्हणून मनी प्लांट, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्पायडर प्लांट, उभ्या तलवारीसारख्या पानांचा स्नेक प्लांट आणि कोपऱ्यात एक लहानसा अरेका पाम. मला एकदा नर्सरीत ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं एक झाड फार आवडलं होतं. ते त्यांनी माझ्या हातातून काढून परत ठेवलं, कारण त्याचं पान चावलं की जीभ सुजते. 'उद्या घरात लेकरू येईल, तेव्हा काय करशील?' पाणी घालायच्या आधी बोटाचं एक पेर मातीत खुपसून बघायचं आणि कोरडं लागलं तरच घालायचं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. पानांवर धूळ बसली की त्यांचा श्वास कोंडतो, म्हणून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं. हे सगळं त्या स्वतः करायच्या आणि त्यासाठी आठवड्यातून तीनदा आमच्या घरात यायच्या. आम्ही घरी नसलो तर आपल्या किल्लीनं कुलूप काढून यायच्या, आणि जाताना आतल्या खोलीची खिडकी सताड उघडी टाकून जायच्या.

आता सांगा, संशय येणार नाही तर काय होईल? मी तेव्हा एका शाळेत शिकवत होते. सकाळी निघताना मी दाराच्या फटीत कागदाची एक बारीक घडी खोचून ठेवायला लागले. संध्याकाळी ती हटकून खाली पडलेली असायची. शिवाय दारात उभं राहून नाक वर करून हवा हुंगायची त्यांना सवय होती. 'काय जाळलंस गं?' असं विचारायच्या. मला खात्रीच झाली की ही सोवळी बाई आमच्याकडे अंडी शिजतात का ते हुंगत फिरतेय. आम्ही अंडी खायचो. मी टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समधून शाळेत न्यायची आणि तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची... आठवलं की आता माझी मलाच कीव येते. झाडं हे निमित्त आहे, बाई भाडेकरूंवर पाळत ठेवतेय, असं मी सुहासला रोज सांगायची. एकदा त्यांना थेट विचारलंसुद्धा की खिडकी कशाला उघडता, डास येतात. 'झाडाला वारा लागतो, अम्मा. स्वल्प उघडी ठेव,' एवढंच त्यांचं उत्तर असायचं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सासरची माणसं म्हातारी होती, म्हणून माझी आईच बाळंतपणाला पुण्याहून इथं येणार असं ठरलं. ही बातमी सांगितली तेव्हा गंगाक्कांचा चेहरा उतरला. दुसरी कुणी असती तर तोंड गोड केलं असतं. यांनी विचारलं, 'बाळंतीण कुठे झोपणार? त्या आतल्या खोलीत? बाहेरच्या खोलीत झोप की.' त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. त्यांना आमचं मूल या घरात नकोय, असा मी निष्कर्ष काढला. आईला पत्रातून तसं कळवलंही. त्यामुळे आई इथं आली तीच भांडायच्या तयारीनं.

डिसेंबरात मुलगी झाली. बंगळूरचा डिसेंबर पुणेकराला वाटतो त्याहून गार असतो आणि त्या आठवड्यात ऊन म्हणून दिसलं नव्हतं. आईनं रीतीप्रमाणे सगळं केलं. आतल्या खोलीत माझी बाज टाकली, खिडकी बंद करून फटींत जुनी फडकी कोंबली, कुंड्या उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवल्या आणि खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवून त्यावर ओवा-शेपा टाकला. आमच्याकडे कित्येक पिढ्यांच्या बाळंतिणी अशाच शेकल्या गेल्या आहेत. त्या दुपारी आई स्वयंपाकघरात डिंकाच्या लाडवांचं बघत होती. मला डोकं जड झाल्यासारखं वाटत होतं, पण बाळंतिणीला काय नसतं वाटत? मी डोळे मिटून पडले होते. तेवढ्यात कुलपाचा आवाज झाला आणि गंगाक्का आत आल्या. धगधगती शेगडी नुसत्या पदरानं धरून उचलली, अंगणात नेऊन तिच्यावर घागरभर पाणी ओतलं, परत येऊन फडकी उपसली आणि खिडकी उघडली. गार वारा थेट बाळाच्या अंगावर आला. आई धावत आली, रडायला लागली. मी उठून बसले आणि म्हटलं, 'तुम्हाला माझ्या लेकराचं चांगलं बघवत नाही. पुन्हा या घरात पाऊल टाकू नका.' 'सरी,' गंगाक्का म्हणाल्या, म्हणजे बरं. 'पण खिडकी बंद करू नको.' आणि गेल्या. आईनं खिडकी लावली, पण शेगडी काही पुन्हा पेटली नाही. भिजलेले कोळसे वाळेपर्यंत सुहासनं विजेचा हीटर आणला होता. दोन महिन्यांनी आम्ही घर बदललं. निघताना त्या गॅलरीत उभ्या होत्या. मी वर पाहिलं नाही.

तेराव्याला मी गेले ती खरं तर कारण शोधायलाच गेले. जेवणं झाल्यावर शारदा मला वरच्या खोलीत घेऊन गेली. ती होसकोट्याला असते. तिच्याशी माझी फारशी ओळख नव्हती, म्हणून मी सरळच विचारलं, 'तुमच्या आईंनी मला का बोलवायला सांगितलं?' तिनं साडीचा काठ नीट केला. मग म्हणाली, 'माझं पहिलं बाळंतपण खालच्याच खोलीत झालं. पाऊस होता, गारठा होता. आईनंच शेगडी ठेवली, आईनंच खिडकी लावली आणि ती पूजेला वर गेली. परत आली तेव्हा मी बेशुद्ध होते... बाळ उठलंच नाही. निखाऱ्याच्या वायूला वास नसतो म्हणे. डॉक्टरांनी नंतर समजावलं. लोक म्हणाले दृष्ट लागली. आईनं कुणाला खरं सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. ती खोली तिनं बंद ठेवली होती, पण घर चालवायला भाडं लागतंच.' मी विचारलं, मग ती झाडं? 'पानांनी कोळशाची हवा जात नाही, हे तिला ठाऊक होतं. पण परक्याच्या घरात रोज जाऊन खिडकी कशी उघडणार? झाडाला पाणी घालायला कुणी नाही म्हणत नाही.'

मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. लाज वाटली, हे खरं. जिनं माझं मूल वाचवलं असेल तिला मी काय बोलले होते, ते शब्द मला तसेच्या तसे आठवले आणि शारदासमोर मी रडले. तिच्या आईचे दोन्ही तळवे त्या दिवशी भाजले होते, हेही तिनंच सांगितलं. मला दिसलं होतं ते एवढंच, की बाई दार न वाजवता आत आली.

पण बोलावण्याचं कारण अजून पुढेच होतं. खाली आता नागपूरचं एक जोडपं राहतं. दोघं कॉम्प्युटरमधली. मुलीचे दिवस भरत आलेले, सासू येऊन राहिलेली आणि बाळंतपणाची तयारी त्याच खोलीत चाललेली. शेवटच्या आजारात गंगाक्का दवाखान्यातून शारदाला सांगत होत्या, 'विद्याला बोलव. ती त्यांच्यासारखं बोलते. तिचं ऐकतील.' माझ्याबद्दल इतका विश्वास माझ्या स्वतःच्या माणसांनीही कधी दाखवलेला नाही. मी लगेच खाली गेले. त्या मुलीचं नाव मेघना. तिला आणि तिच्या सासूबाईंना मी सगळं खरंखरं सांगितलं, शारदाच्या बाळासकट. मुलगी घाबरली. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, 'आमच्याकडे सगळ्यांचं शेगडीवरच झालंय, काही झालं नाही.' मी दाराबाहेर पडले तशी मागून त्यांचा आवाज ऐकू आला, 'ऐकलंस ना? घर रिकामं करून घ्यायचं असेल. म्हातारी गेली, आता मुलीला विकायचं असणार. ही बाई कोण लागते त्यांची?' मी जिन्याशी उभी राहिले. त्यांच्या जागी मी असते तर अगदी हेच म्हटलं असतं, शब्दही बदलला नसता. खरं बोलून ती खिडकी उघडणार नव्हती.

पुढच्या रविवारी मी नर्सरीत गेले. कमी उजेडात टिकेल असं बघून स्पायडर प्लांटच्या दोन कुंड्या घेतल्या आणि रिक्षानं मेघनाच्या दारात जाऊन उभी राहिले. मागचं सगळं विसरा म्हटलं, ही बाळासाठी भेट, यानं घरातली हवा साफ होते, मात्र खिडकीशी ठेवावी लागते आणि वारा लागतो. मेघनाला पानं आवडली. आता तिला मुलगा झालाय. मी एक दिवसाआड जाते, मातीत बोट घालून बघते, पानं पुसते, खिडकी उघडते आणि निघताना दारात थांबून हवा हुंगते. तिची सासू माझ्यावर लक्ष ठेवून असते. परवा निघाले तेव्हा दाराच्या फटीत मला कागदाची एक घडी दिसली. बघू दे. मी उद्याही जाणार आहे.