कार्डाला चिकटलेला नर

९ फेब्रुवारीला दाजींनी चित्रकाराला चार हजार दोनशे पन्नास रुपये आगाऊ दिले. चित्र काढायचं होतं मोहरीच्या दाण्याएवढ्या एका भुंगेऱ्याचं. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. मोहरीला हा भाव मी कधी ऐकला नव्हता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना झुरळं कापायला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते जवळच्या सार्वजनिक बागेतल्या एका कुजक्या ओंडक्याखालचे भुंगेरे गोळा करू लागले. त्यातला एक प्रकार कुठल्याच पुस्तकात सापडेना. नवी जात म्हणून त्याचं वर्णन छापून यावं, या एका गोष्टीपायी त्यांनी दोन वर्षं डोळे फोडून घेतले. नियतकालिकाने कळवलं, नराच्या पोटाकडच्या बाजूचं आणि जननेंद्रियाचं चित्र हवं, त्याशिवाय या गटातल्या जाती ओळखू येत नाहीत. दाजींकडे माद्या चिक्कार होत्या, नर एकच.

तो कार्डाच्या तुकड्यावर डिंकाने बसवलेला होता. डिंक मुद्दाम, कारण कोमट पाण्यात तो सुटतो. चित्रकार येऊन बसला, दाजींनी कार्ड पाण्यात सोडलं, बऱ्याच वेळाने चिमटा लावला. भुंगेरा जागचा हलेना.

"याला कोणी हात लावला का गं?"

"गळून पडला होता तो," ताई म्हणाली. "तुमचे हात थरथरतात, म्हणून मीच बसवला. पक्का."

"कशानं?"

"चप्पल चिकटवायच्या गोंदानं. वर्ष झालं, माझी चप्पल सुटलेली नाही."

"चपलेचं पोट मला बघायचं नसतं गं."

"मग आधी सांगायचं. तुमच्या किड्यांवरची धूळ मी पुसायची, वर बोलणीही मीच खायची."

मी शेजारच्या पार्लरवालीकडून नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली आणली. दाजी सुईने थेंब सोडू लागले.

"दाजी, रात्रभर मुरू द्या," मी म्हटलं.

"हे गृहस्थ रात्रभर बसणार आहेत का?"

चित्रकाराने घड्याळ पाहिलं. दाजींनी चिमटा ओढला. डोकं आणि पाठ चिमट्यात आली, पोट चुरा होऊन कार्डावरच राहिलं.

"मग मी काय काढू?" चित्रकाराने विचारलं.

"मादी काढा."

"ती चालेल त्यांना?"

"नाही चालणार," दाजी म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बागेत गेलो. ओंडक्याच्या जागी काळी राख होती.

"तो होय?" माळी म्हणाला. "कीड लागली होती साहेब, परवाच जाळला."

दाजी त्याच्यावर रागावले नाहीत. घरी येऊन मात्र ताईशी दोन दिवस बोलले नाहीत. आता ते दुसरीकडचे ओंडके उलथतात. नर मिळत नाही. लेख चित्राविना टेबलावर पडून आहे.

पार्लरवालीच्या बाटलीचे नव्वद रुपये अजून द्यायचे आहेत.