पाण्याशी भांडण

पोहताना तोंड बंद ठेवावं लागतं, आणि पुणेकराला ते किती वेळ जमणार? त्यामुळे बिबवेवाडीच्या टँकवर आमच्या सकाळच्या बॅचचं सगळं बोलणं साठून राहायचं आणि नंतर टपरीवर चहाबरोबर सांडायचं. नोकरी खराडीतल्या आयटी कंपनीत केली, पण किस्से जमले ते त्या टपरीवर!

*

लिमये मॅडम आमच्या कोच. साठीच्या, सडपातळ, आवाज कधीच न चढवणाऱ्या. लांब पल्ल्याचं पोहणं शिकवायच्या. पहिल्याच दिवशी मी दणादण हात मारत पलीकडचा काठ गाठला आणि धापा टाकत वर बघितलं.

"पाण्याशी काही जुनं भांडण आहे का आपलं?"

"नाही, मॅडम."

"मग मारताय कशाला त्याला? हात लांब टाका, जरा घसरा. पाणी जाऊ देतं माणसाला!"

*

निखिल माझ्याच ऑफिसातला. पाण्यातही मनगटावर स्मार्टवॉच. एकदा ओरडतच बाहेर आला, "मॅडम, आज रेकॉर्ड कॅलरी बर्न!"

"अरेरे! एवढ्या वाया घालवल्यात? तेवढंच अंतर कमी खर्चात गेलात की सांगा."

निखिल खट्टू झाला, पण त्या दिवसापासून तो एका फेरीला किती हात लागतात ते मोजायला लागला. हळूहळू हात कमी झाले, तरी वेळ तोच राहिला.

"मॅडम, कोड ऑप्टिमाइझ झाला!"

"मराठीत सांगा."

"कमी दमलो."

"मग तसं म्हणा की!"

*

शब्बीरभाईंचं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. पाय असे झाडायचे की मागे कारंजं उडायचं, आणि थोड्याच वेळात दम संपायचा.

"शब्बीरभाई, गिऱ्हाईक नसताना दुकानातले सगळे टीव्ही लावून ठेवता का?"

"छे हो! बिल किती येईल!"

"मग पाय कशाला चालू ठेवलेत? सगळ्यात जास्त बिल त्यांचंच येतं."

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरताना शब्बीरभाईंनी पायांकडे बघून सांगितलं, "दुकान बंद!" त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी तेच बाहेर आले.

*

मग आम्ही कोकणातल्या एका समुद्री शर्यतीत नाव घातलं. वाटेत ताकद राहावी म्हणून निखिलने परदेशी एनर्जी जेल मागवलं. शब्बीरभाईंनी खजूर आणला, तर निखिल हसला. सरावात त्याने जेल घेतलं, आणि काही वेळाने पाण्यातून बाहेर उडी मारून थेट बाथरूमकडे धावला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजचा सगळ्यात वेगवान निखिल!"

*

वैशाली वर्ध्याकडची, आमच्याच कंपनीतली. तिचा मामा नदीत बुडून गेला होता. तेव्हापासून तिची आई नदीकाठच्या देवळाच्या पायऱ्याही उतरत नसे. म्हणून वैशालीने घरी 'योगा क्लास' सांगितलं होतं. आई पुण्याला आली आणि बाल्कनीत वाळत घातलेला स्विमसूट तिने पाहिला. वैशालीने मग शर्यतीपर्यंतचं सगळं सांगून टाकलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "शर्यतीले मीबी येते."

शर्यतीच्या दिवशी आई किनाऱ्यावर पाण्यापासून लांब, वाळूत बसून राहिली. आम्ही एकेक करून बाहेर आलो. तेवढ्यात वारा फिरला, लाटा उलट्या यायला लागल्या. वैशालीचा पत्ता नव्हता. सोबतीच्या होड्या दिसत होत्या, ती दिसत नव्हती. शब्बीरभाई पुटपुटत दुआ मागत होते. निखिल होड्या पुन्हा पुन्हा मोजत होता.

मग लांबवर एक हात दिसला. उठला, पुढे पसरला, क्षणभर थांबला. मग दुसरा.

"आपलीच आहे," मॅडम म्हणाल्या. "बघा, अजूनही घाई नाही तिला!"

आम्ही सगळे त्या हातांकडे बघत राहिलो. आईकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

वैशालीचे पाय वाळूला लागले. ती उभी राहिली आणि तिथेच थबकली. समोर आई होती. लुगड्यानिशी, कमरेइतक्या पाण्यात.

"काहून इतका उशीर केला वं?" आई म्हणाली आणि हातातला टॉवेल तिने पुढे केला. त्यातून पाणी निथळत होतं.

"घे, आंग पूस."