लोडरच्या फिल्टरची पूजा

भंगारवाला दारात आला तवा मी चिंचेच्या शेंड्यापाशी होते. लोडरच्या बकिटात. लुगडं सावरून.

झालं काय, मालक गेल्यापसून त्यांचं ते जुनं लोडरचं ट्रॅक्टर चिंचेखाली पडून हुतं. मालक होते तवा दर साली चिंचा पिकल्या की म्हणायचे, "चल गं, बस बकिटात!" दांडा वढला की मी वर. (लग्नात पालखी न्हाई मिळाली, ती अशी मिळाली!) खालून इचारायचे, "आजून वर घेऊ का?" मी म्हणायची, "घ्या की!" शेंड्याची चिंच लई गोड. अन् त्यांचं इचारणं तिच्याहून गोड.

मालक गेले, लोडरचा फिल्टर चोंदला, बकीट भुईवर बसलं. ल्योक दिगू म्हणला, "आई, भंगारात देतो."

"एक डाव मला वर ने. मंग दे."

"फिल्टर कुठून आणू? लातूर पालथं घातलं, नांदेडला जाऊन आलो. दुकानदार हसून राहिलेत! म्हणतेत, ही गाडी कंपनीबी इसरली."

"कंपनी इसरली आसंल. मी न्हाई."

मंग चाकूरचा रशीद मिस्त्री दुसऱ्याच गाडीचा फिल्टर घेऊन आला. "जमवतो चाची. पैले चाय पिलाव."

त्यो चहाला बसला, अन् वट्यावर फिल्टर अन् मी. नवी वस्तू घरात आली, हळद-कुंकू लावल्याबिगर मशिनीत घालावी कशी? मालक तर नव्या टायरलाबी नारळ फोडायचे! म्या फिल्टरला बोटं वढली. मधी भोक दिसलं. घातल्या त्यात मूठभर अक्षता! (चिकटपणा कशाला करायचा?)

रशीद कुंकू बघून हसला, भोकात काय बघितलं न्हाई. बसवला फिल्टर.

दिगूनं दांडा वढला. घर्रर्र! मी वर. मालकानं घातलेला बांध दिसला, त्यांची हिरीवरची बसायची जागा दिसली. खाली बघितलं तर दांड्याला दिगू. त्यो काय इचारणार! म्या आपलं सोताशीच म्हणले, "घ्या की."

बकीट शेंड्यापाशी गेलं अन् थांबलं. थांबलं ते थांबलंच!

"आई, हलू नगंस!"

"हलू कुठं? आभाळात?"

तेवढ्यात भंगारवाला टेंपो घेऊन हजर. वर बघून म्हणला, "असं उभं बकीट कसं न्यायचं? वाटंत लायटीच्या तारंला लागंल की! अन् म्हातारीला काय वजनात धरायचं का?" गेला निघून. म्या वरून चिंच चोखीत त्याला हात केला.

शेजारची शिडी आली, मी उतरले. रशीदनं वॉल्व खोलला, तर आतून पिवळे तांदूळ!

"चाची! फिल्टर कचरा रोकायला ऱ्हाता!"

"कचरा कुठं, अक्षता हायत त्या!"

वॉल्व पार गेला. त्योबी कुठं मिळत न्हाई. बकीट आजून वरच हाय, चिंचेत. रोज चूल पेटवताना दिसतं. बरं वाटतं.

दिगू मातर आजून माझ्याकडं वाकड्या नजरंनं बघतो. "आई, खरं सांग. भंगारवाला नेऊ नये म्हणून तू तांदूळ मुद्दाम टाकले ना?"

आरं बाबा, तेवढी अक्कल मला असती, तर बकिटात बसायच्या आधी शिडी नसती का मागवली?