पटावर ठरवू

ताईच्या घरात प्रत्येक गोष्टीचा निकाल लुडोच्या पटावर लागायचा. भांडी कोणी घासायची, पंख्याखाली कोणी झोपायचं, सगळं. ही रीत बाबांची. ते बस आगारात मिस्त्री होते. दिवसभर इंजिनांचा आवाज ऐकून आल्यावर घरात आरडाओरडा त्यांना खपत नसे. "तोंड नको, फासा चालवा," म्हणायचे.

खेळायला दोघंच, ताई आणि धाकटा भाऊ. आई लवकर गेलेली. भाऊ हरला की त्याला खरोखर ताप चढायचा आणि उशाशी ताईलाच बसावं लागायचं. म्हणून त्याची सोंगटी मारायची नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. मारण्याजोगी असली तरी ती दुसरीच सोंगटी पुढे सरकवायची. त्याला कधी पत्ता लागला नाही. तो गल्लीभर सांगत फिरायचा, "आमच्या ताईचा फासा जन्माचा लंगडा."

ताई अठरा वर्षांची असताना दोघांनाही शहरात शिकायला जायचं होतं. बाबांना एकालाच पाठवणं झेपणार होतं. पट मांडला गेला. भावाची शेवटची सोंगटी घराकडे वळायच्या बेतात होती. तिच्या मागे दोन घरांवर ताईची. फासा पडला, दोन.

ताईचा हात दुसऱ्या सोंगटीकडे गेला. इतक्या वर्षांची सवय. काय केलं ते कळेपर्यंत चाल होऊन गेली होती. बाबा बोटाने घरं मोजत होते. त्यांचं बोट ताईच्या मागच्या सोंगटीपाशी थांबलं. भावाची सोंगटी घरात गेली आणि त्यांनी पट मिटला.

भाऊ इंजिनिअर झाला. ताई गणवेश शिवायच्या कारखान्यात लागली आणि पंचवीस वर्षं कॉलर लावत राहिली. लग्नाचं दोनदा जुळत आलं, दोनदा फिसकटलं. मग पक्षाघाताने बाबांची उजवी बाजू गेली.

यंदा मात्र शहरातल्या शिवण केंद्रातून बोलावणं आलं. कटिंग शिकवायची जागा, राहायला खोली. शनिवारी पाचच्या आत होकार कळवायचा होता. त्याच दुपारी ताईने भावाला बोलावून घेतलं.

"बाबांना आता तू ने," ती म्हणाली.

"अगं, माझ्याकडे लिफ्ट नाही. मुलांची वर्षं महत्त्वाची."

"मलाही हे एकच वर्ष मिळालंय."

भाऊ हसला. कपाटावरचा पट त्याने स्वतःच खाली काढला. "मग आपल्या घरची रीत. काय बाबा? पटावर ठरवू." त्याला निकाल ठाऊकच होता जणू.

बाबांच्या खाटेवरच पट मांडला. ताईने पहिल्या दहा मिनिटांत त्याची सोंगटी मारली. मग दुसरी.

"आज अंगात आलंय का तुझ्या?"

"फासा टाक."

तिसरीही तिने घराच्या तोंडाशी मारली. साडेतीनला ताईची चौथी सोंगटी घरात गेली. भावाच्या कानशिलांवर घाम होता.

"बरं, झाली गंमत," तो म्हणाला. "आता जरा मोठ्या माणसांसारखं बोलू या. असं सोंगट्यांवर कुणी आयुष्य ठरवतं का?"

ताईने बाबांकडे पाहिलं. रीत त्यांची होती. बाबांनी ओठ हलवले. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट आले.

"पुन्हा खेळा."

"तेव्हा का नाही म्हणालात?" ताईने विचारलं. "तुम्ही पाहिलं होतंत."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तेव्हा म्हणजे कधी?" भाऊ विचारत होता. "कशाबद्दल बोलताय तुम्ही?"

ताई सोंगट्या गोळा करू लागली. तो चारच्या बसने गेला. जाताना म्हणाला, "एखादी बाई बघ ना दिवसभरासाठी. मी आहेच." बाबांना परका हात लावलेला चालत नाही, हे त्याला सांगायचंही ताईला सुचलं नाही.

फोन टेबलावर होता. पाऊण तास ती त्याच्यासमोर बसली. केंद्राचा नंबर दोनदा काढला. दोन्ही वेळा आतून बाबांनी हाक मारली, एकदा पाण्यासाठी, एकदा चादर ओली झाली म्हणून. चादर बदलून ती हात धुवून आली, तेव्हा पाच वाजून गेले होते.

"छान खेळलीस आज," बाबा म्हणाले.

"कूस बदला," ताई म्हणाली आणि त्यांच्या पाठीखाली हात घातला.