विलायतेला जायचं? आधी आमटी करून दाखवा!

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. एक कॉलेज, त्यात चार शिकलेली माणसं आणि त्यांच्या डोक्यावर बसवलेलं बोर्ड, एवढं असलं की ते आपोआप साठतात. आमच्या नाशिकच्या कॉलेजात ती विलायतेची फेलोशिप आली आणि स्टाफरूममध्ये किस्से ठेवायला जागा उरली नाही! फेलोशिप कसली, अदलाबदल. तिकडच्या एका युनिव्हर्सिटीचा प्रोफेसर वर्षभर इकडे, आमचा तिकडे.

*

पहिल्या वर्षी इंटरव्ह्यूला गेला फिजिक्सचा देवधर, माझा जिवलग मित्र. स्फटिकांवर काम करायचा. तिकडच्या लॅबोरेटरीतले लोक त्याला नावानं ओळखत. इथे त्याच्या वाट्याला एक मोडका मायक्रोस्कोप आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. त्या लॅबोरेटरीत एक वर्ष काम करायला मिळावं, एवढंच त्याचं मागणं. त्यातून चाळिशी उलटली की अर्ज बाद, आणि देवधरची चाळिशी अगदी दाराशी आलेली.

बोर्डाचे चेअरमन दादासाहेब म्हणजे पंचवटीतलं बडं प्रस्थ. स्फटिकांचं त्यांनी नावही काढलं नाही. म्हणाले, "परान्न पोटात जाता कामा नये. स्वयंपाक येतो का?"

"चहासुद्धा येत नाही," देवधर खरं बोलला. गाढव कुठला!

निवड झाली इकॉनॉमिक्सच्या करंदीकरांची. का? तर त्यांच्या हातची आमटी झकास होते!

*

अर्ज फारसीच्या सय्यद सरांनीही केला होता. मालेगावच्या विणकराच्या घरातला हा माणूस, जिभेचा भलता तिखट.

"समुद्र ओलांडायला अडचण?" दादासाहेबांनी विचारलं.

"नाही."

"परक्याच्या हातचं खाल?"

"आनंदानं."

"म्हणजे तुम्हाला तिकडे काहीच अडचण नाही?"

"काहीच नाही."

दादासाहेब विचारात पडले. "मग तुम्हाला पाठवून उपयोग काय? आपल्या धर्माचं तेज त्यांना दिसणार कसं?"

सय्यद सर बाहेर आले. आम्ही विचारलं, "काय झालं?"

"नापास! माझ्याकडे अडचणी कमी पडल्या."

*

करंदीकरांच्या बदल्यात आले हिस्ट्रीचे हॅरिससाहेब. भला माणूस. पण स्टाफरूममधल्या कपबश्यांना त्यांचा हात लागू नये म्हणून बोर्डानं त्यांचा कप बाहेर व्हरांड्यात खुंटीला टांगला. शिपाई वरून चहा ओतायचा. आम्ही सगळे पदवीधर खाली माना घालून आमचा चहा आत पीत होतो. लाज वाटायची, पण बोललं कोण? कुणी नाही.

निरोपाच्या सभेत साहेब उठले. म्हणाले, "माझ्या देशात मला कुणी स्वतंत्र कप दिला नाही. इथे तर प्रिन्सिपॉलनासुद्धा तो मान नाही! मी भारावून गेलो आहे."

टाळ्या! सगळ्यांत जोरात दादासाहेबांच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सभेनंतर सय्यद सर साहेबांजवळ गेले. सरांचा स्वतःचा कप पहिल्यापासून शेजारच्याच खुंटीला होता. हात पुढे करून म्हणाले, "अभिनंदन, साहेब. इथे मानकरी आपण दोघंच!"

*

करंदीकर परत आले. बोर्डानं रामकुंडावर परान्नाच्या प्रायश्चित्ताचा घाट घातला. निमंत्रणं गेली, आचारी ठरले, लाडू वळून झाले. आणि करंदीकर गोदागंगेत उभे राहून शपथेवर सांगतात, "वर्षभर परान्नाचा कण तोंडात घातला नाही. बोटीवरसुद्धा दशम्या खाऊन राहिलो."

उपाध्ये म्हणाले, "पाप नाही तर प्रायश्चित्त कशाचं देऊ?"

झाली का पंचाईत! पंगत वाया जाणार. दादासाहेब काठावरून कळवळून ओरडले, "अहो करंदीकर, एखादं बिस्कीट तरी खाल्लं असेल! नीट आठवा!"

करंदीकरांनी डोळे मिटले. बराच वेळ आठवलं. शेवटी आठवलं बुवा एक बिस्कीट! पंगत यथासांग पार पडली.

*

मग त्यांचं व्याख्यान. विषय, 'विलायतेतील माझे अनुभव'. तासभर माणूस बोलला. तूरडाळ कुठे मिळते, दूध नासू नये म्हणून काय करावं, आणि थंडीत कणीक भिजवताना बोटं कशी बधिर होतात. शेवटी एका पोरानं उठून विचारलं, "सर, तिथली युनिव्हर्सिटी कशी होती?"

करंदीकर म्हणाले, "लांब होती."

*

पुढच्या वर्षीची निवड म्हणजे देवधरची शेवटची संधी. हा पठ्ठ्या ईर्षेला पेटला. बायकोच्या हाताखाली चुलीपुढे बसला. बोटं भाजली, भुवया जळल्या. त्याच्या हातच्या वातड पोळ्या स्टाफरूममध्ये आम्ही गिळल्या, पण नावं ठेवली नाहीत. बिचारा मला म्हणायचा, "अरे, ती लॅबोरेटरी मिळणार असेल तर मी जिलब्यासुद्धा पाडीन." आणि शिकला हो! असा शिकला, की त्याच्या घरावरून जाताना पाय रेंगाळायचे.

दादासाहेबांनी फर्मान काढलं, "इंटरव्ह्यू नको. सगळं बोर्ड तुमच्याकडे जेवायला येईल."

आलं. देवधरनं सोवळं नेसून एकट्यानं रांधलं. मसालेभात, अळूची भाजी, वाटली डाळ, पुरणपोळी. मी पाणी वाढायला होतो. बोर्डाची माणसं बोलेनात, नुसती जेवत होती. दादासाहेबांनी पोळीचा घास तोंडात घातला आणि डोळेच मिटले.

"वा! हात आहे, प्रोफेसर, हात!"

देवधरनं माझ्याकडे पाहिलं. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू!

दादासाहेब बोर्डाकडे वळले. "असा हात वर्षभर गोऱ्यांच्या देशात धाडायचा? मग रामनवमीच्या पंगतीला रांधणार कोण? छे छे! ह्यांना मी कुठे जाऊ देणार नाही."

सगळं बोर्ड तोंडातल्या घासासकट "बरोबर, बरोबर" म्हणालं.

देवधर तुपाची वाटी हातात घेऊन जागच्या जागी उभा.

दादासाहेब पानाकडे बोट दाखवून म्हणाले, "थांबलात का प्रोफेसर? वाढा!"