आहेस्कूल

महानंदाताई वाचता वाचता थांबल्या. कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. शेवटी जे छापलं होतं तेच त्यांनी वाचलं, "आहेस्कूल आहेवेच्या पल्याड आहे."

शुक्रवार पेठेतल्या वाचनालयाचा वरचा हॉल हसला. मी मागच्या रांगेत होतो. मला हसू आलं नाही, कारण ते कागद मीच तयार केले होते.

मी एका छोट्या प्रकाशनात डीटीपी आणि प्रूफ बघतो. डीटीपी म्हणजे लेखकाचं हस्तलिखित टाइप करून पानं लावणं. प्रूफ म्हणजे त्यातल्या चुका काढणं. महानंदाताई अक्कलकोटजवळच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवतात. घरी कन्नड, लिहायला मराठी. त्यांनी वहीत अकरा गोष्टी लिहिल्या आणि मुलीकडून फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. आमचे प्रकाशक अण्णा म्हणाले होते, "आधी एक गोष्ट चार लोकांपुढं वाचू दे. लोकांनी ऐकून घेतली तर पुस्तक काढू." म्हणजे ताईंचं पुस्तक या एका वाचनावर होतं.

माझं गाव केम. घरातला पहिला ग्रॅज्युएट मीच. माझी भाषा सुधारणाऱ्या गुरुजींचे उपकार मी विसरलेलो नाही. पण कॉलेजात पहिल्या दिवशी "न्हाय सर" म्हणालो आणि वर्ग हसला, तेही विसरलेलो नाही. ताईंच्या वाट्याला ते येऊ नये, असं मला मनापासून वाटलं. म्हणून त्या दिवशी सकाळी, कुणालाही न विचारता, मी अकराही गोष्टींच्या फाइलवर फाइंड-रिप्लेस केलं.

फाइंड-रिप्लेस म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, हा शब्द दिसेल तिथं तो घाल. आधी 'न्हाय'चं 'नाही' केलं, कारण त्याच्या पोटातही 'हाय' असतं. एवढी अक्कल होती. मग 'हाय'चं 'आहे'. 'हायत' आणि 'हायस' पण बदलायचे होते, म्हणून 'फक्त पूर्ण शब्द' ही खूण काढून टाकली. रिप्लेस ऑल दाबलं. पहिलं पान तपासलं, छान दिसलं. हायस्कूल दुसऱ्या पानावर होतं.

ताई तशाच दोन ओळी पुढं गेल्या, "तिथं राआहेला..." आणि कागद खाली ठेवले.

"अण्णा, हे माजं न्हाय," त्या माइकवरच म्हणाल्या.

अण्णांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "काय केलंस रे?"

मी उठून स्टेजवर गेलो. चूक माझी आहे, ताईंची नाही, एवढं माइकवर सांगितलं. मग मोबाइलमध्ये त्यांच्या वहीचे फोटो उघडले.

"ताई, यातनं वाचता का?"

"बारीक दिसतंय की हो."

"मी मोठं करतो. ओळ संपली की पुढं सरकवतो."

"मग धरा नीट. तुमच्याकडं कशाला वळवताय? वाचायचं मला हाय."

हॉल पुन्हा हसला, पण या वेळी त्यांच्या बाजूनं. ताईंनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि वाचत त्याच ओळीपाशी आल्या. "हायस्कूल हायवेच्या पल्याड हाय. रस्ता वलांडायचा कुणी, म्हणून माजी शाळा सातवीला सुटली." मग कुणी हसलं नाही. गोष्ट संपेपर्यंत मी मोबाइल धरून उभा होतो. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अजून एक वाचा की." ताईंनी अजून एक वाचली.

खाली चहा घेताना मी त्यांची माफी मागितली. "तुमच्या बोलण्याला लोक हसतील, असं वाटलं मला."

"हसलं की," ताई म्हणाल्या. "तुमच्या आहेस्कूलला."

अण्णांनी कप ठेवला. "पुस्तक काढतोय. वहीत हाय तसंच. आणि ते सगळं तू निस्तरायचं."

ते निस्तरायला मला आठवडा लागला. जुन्या फाइलची प्रत मी ठेवली नव्हती, आणि उलटं रिप्लेस ऑल चालत नव्हतं. ताईंच्या गोष्टीतले मास्तर आणि ग्रामसेवक 'आहे'च म्हणतात, ते ताईंनी स्वतः तसं लिहिलं होतं. त्यामुळं प्रत्येक 'आहे'पाशी थांबून, वहीत बघून, हा कोण बोलतोय ते ठरवावं लागलं.

प्रूफ बघणं म्हणजे तेच काम. ते मी आधी करायला हवं होतं.